सात जणींचा ग्रॅनोला

निवृत्त माणसानं स्वयंपाकघरात लुडबुड करू नये, असं माझं ठाम मत होतं. हे मत मी बायकोला तिच्याच स्वयंपाकघरात, तिच्याच स्टुलावर बसून, तिनंच केलेला चहा पीत अनेकदा ऐकवलं होतं. ती पोळ्या लाटता लाटता ‘हं’ म्हणायची. माझा जन्म एका कंपनीच्या स्टोअरमध्ये माल आत घेण्यात आणि बाहेर देण्यात गेला. त्यामुळं मला प्रत्येक गोष्टीवर मत असतं, आणि ते लगेच सांगून टाकलं नाही तर घास गिळवत नाही. शिवाय राग कायम नाकावर. हेही बायकोचं मत, पण ते खरं आहे.

ती जिल्हा परिषदेच्या शाळेत शिक्षिका. शाळा करमाडच्याही पुढं, आत एका गावात. गारखेड्यातून तिथं रोज जाणं म्हणजे मोठा प्रवासच, म्हणून त्या भागातल्या शाळांवरच्या सात जणींनी मिळून महिन्याच्या बोलीवर एक गाडी लावली होती. सकाळी सातला ती गाडी आमच्या चौकात यायची. सातला गाडी म्हणजे बायको पाचला उठणार. भाजी, पोळ्या, तिचा दुपारचा डबा, माझं दुपारचं ताट झाकून ठेवलेलं, माझे पोहे, माझा चहा. आणि तिचं स्वतःचं? अर्धा कप चहा. तोही उभ्यानं, एका हातानं साडीला पिना लावत.

“काही खाऊन जा की,” मी पोह्यांवरून मान वर करून म्हणायचो.

“सकाळी सकाळी मला जात नाय,” ती म्हणायची.

मला ते पटायचं. न पटण्यात माझा काही फायदा नव्हता.

मग एका रविवारी लाटता लाटता तिच्या हातातून लाटणं सुटलं आणि ती ओट्याला टेकून तशीच खाली बसली. चेहरा कागदासारखा पांढरा. मी तिला तांब्याभर पाणी पाजलं, रिक्षा बोलावली आणि डॉक्टरीण बाईंकडं घेऊन गेलो. तपासण्या झाल्या, सोनोग्राफी झाली. गर्भाशयात गाठ होती. साधी गाठ, घाबरण्यासारखं काही नाही, पण काढायला हवी. त्या गाठीपायी महिन्याच्या महिन्याला इतकं रक्त जात होतं की अंगात उरलंच नव्हतं. हिमोग्लोबिन सात.

“दहाच्या वर आणा, मग मी ऑपरेशनची तारीख देते,” डॉक्टरीण बाई म्हणाल्या. “त्याआधी टेबलावर घेणार नाही. गोळ्या देते, इंजेक्शनं देते. पण पोटात अन्न नसेल तर माझ्या गोळ्या एकट्या काय करणार? सकाळी उपाशी घर सोडायचं नाही. आणि गोळीवर चहा प्यायचा नाही.”

आता मी स्टोअरचा माणूस. माल भरल्याशिवाय गाडी सुटत नाही एवढं मला कळतं. सातचे दहा करायचे होते आणि ते लवकर करायचे होते, कारण गाठ काही आमच्यासाठी थांबून राहणार नव्हती. मला भीती वाटत होती. रात्री ती झोपली की मी तिच्या श्वासाकडं कान लावून पडायचो आणि सकाळी उगाच कशावरून तरी खेकसायचो. भीती वाटली की मी खेकसतो, हेही बायकोला माहीत आहे.

तिनं फक्त एक अट घातली. गाडीत आणि शाळेत कुणाला काही कळता कामा नये.

“का पण?”

“का म्हंजे? एकीला सांगितलं की चिकलठाणा यायच्या आत सातींना कळतंय. शाळेत पोचेपर्यंत माझ्या गाठीचं कलिंगड व्हईल. मग कुणी माझे वर्ग घेणार, कुणी मला खुर्ची देणार. मला नाय आवडत ते.”

मी कबूल केलं आणि तिच्या खाण्याच्या मागं लागलो. राजगिऱ्याचे लाडू आणले, ते डब्यात कडक होऊन बसले. खजूर आणला, त्याला मुंग्यांनी न्याय दिला. शिरा करायला गेलो तर तिनं मला ओट्यापासून हाकललं आणि स्वतः करून मलाच वाढला. अशात पुण्याहून लेक दोन दिवसांसाठी आली आणि जाताना एक पाकीट विसरून गेली. ग्रॅनोला. वर काचेच्या बरणीचं चित्र, आत भाजलेले ओट्स, बदाम, कसल्या कसल्या बिया. बायकोनं सहज मूठभर तोंडात टाकलं आणि पिन लावता लावता आणखी एक मूठ घेतली.

“हे बरंय,” ती म्हणाली. “कुरकुरीत हाय. तोंडाला चव येते.”

सकाळी सातच्या आत तिच्या तोंडून ‘बरंय’ हा शब्द मी लग्नानंतर पहिल्यांदा ऐकत होतो. पाकीट चार दिवसांत संपलं. नवीन आणायला गेलो तर किंमत वाचून डोळे पांढरे झाले आणि मागची बारीक अक्षरं वाचून डोकं फिरलं. आरोग्यदायी म्हणून विकतात आणि ओट्सच्या पाठोपाठ साखर! तिच्या कामाचं तर त्यात काहीच नव्हतं. तीळ नाहीत, हळीव नाहीत, खारीक नाही. मी पाकीट दुकानातच ठेवलं आणि दुकानदाराला माझं मत सांगून बाहेर पडलो.

गुलमंडीवर जाऊन मी काळा गूळ, तीळ, जवस, हळीव, भोपळ्याच्या बिया, काळे मनुके, खारीक आणि मूठभर बदाम घेतले. शेंगदाणे घरचेच होते. ओट्स किराणा दुकानात मिळाले. मोबाइलवर एक बाई अगदी सोपं करून दाखवत होती. गूळ आणि तूप पातळ करायचं, सगळं कालवायचं, ओव्हनमध्ये ठेवायचं, झालं. आमच्याकडं ओव्हन नव्हता. पण आमच्याकडं लोखंडी कढई होती, आणि लोखंड तर आम्हाला हवंच होतं.

पहिल्या खेपेला मी गुळाचा पाक केला. मोबाइलवरच्या बाईनं पाक करू नका असं सांगितलं नव्हतं, हे माझं आजही म्हणणं आहे. पाक चांगला गोळीबंद झाला आणि त्यात मी सगळं ओतलं. ताटात पसरलं ते ताटासकट एकजीव झालं. संध्याकाळी बायको शाळेतून आली तेव्हा मी अंगणात बसून बत्त्यानं ग्रॅनोला फोडत होतो. ती दारातच थांबून इतकी हसली की मला आधी राग आला आणि मग बरं वाटलं. बऱ्याच दिवसांनी ती अशी हसली होती.

दुसऱ्या खेपेला पाक टाळला, पण सगळं एकदमच कढईत टाकलं. तीळ आधी भाजून काळे झाले, ओट्स कच्चेच राहिले, जवस तडतडून शेगडीवर, भिंतीवर आणि माझ्या चष्म्यावर उडालं. हळीव मी कुणाच्या तरी सल्ल्यानं भिजवून घेतले होते. भिजले की ते बुळबुळीत होतात हे मला कोण सांगणार? त्या खेपेचं सगळं कबुतरांना घातलं. त्यांनीसुद्धा हळीव सोडून बाकीचं खाल्लं.

मग मला बेकरी आठवली. शहागंजच्या मागच्या गल्लीत एक जुनी बेकरी आहे. आमच्या लहानपणी दिवाळीत आई तिथं रवा, मैदा, तूप आणि पिठीसाखर घेऊन जायची आणि नानकटाया भाजून आणायची. रमजानच्या दिवसांत तर तिथं उभं राहायला जागा नसायची. सामान आपलं, भट्टी त्यांची. आणि एक नियम, आपला पत्रा भट्टीत जाऊन बाहेर येईपर्यंत तिथून हलायचं नाही, नाहीतर आपल्या तुपाच्या नानकटाया दुसऱ्याच्या घरी आणि दुसऱ्याच्या डालड्याच्या आपल्या घरी. हे अजूनही चालतं. मी मोठ्या डब्यात सगळं कालवून घेतलं, डबा स्कूटरच्या पायाशी ठेवला आणि गेलो.

भट्टीवरच्या चाचांनी डब्यात वाकून पाहिलं. बोटानं थोडं चिवडलं.

“साब, ये क्या है? मुर्गी का दाना?”

“नाश्ता है,” मी म्हणालो.

“किसका?”

“बायको का,” मी म्हणालो. त्यांनी माझ्याकडं जरा वेळ निरखून पाहिलं आणि एक पत्रा पुढं सरकवला.

पाव निघून गेल्यावर भट्टी जराशी उतरलेली असते. त्या उतरत्या उष्णतेत पत्रा ठेवला, दोनदा बाहेर काढून उलथण्यानं हलवला, आणि बेकरीभर गूळ, तूप आणि तिळाचा असा काही वास सुटला की टोस्ट न्यायला आलेली माणसं विचारायला लागली. चाचांनी थंड व्हायच्या आतच एक चिमूट तोंडात टाकली. “अच्छा है,” ते म्हणाले, “लेकिन दाना ही है.” खारीक, मनुके आणि वाळवलेल्या आवळ्याचे तुकडे मी घरी येऊन मिसळले. भट्टीत टाकले असते तर त्यांचे खडे झाले असते, एवढं एव्हाना मला कळायला लागलं होतं. आवळा डॉक्टरीण बाईंच्या सांगण्यावरून. आंबट असलं की लोह अंगी लागतं म्हणे.

झाला ग्रॅनोला. अगदी दुकानातल्यासारखा, उलट जास्त चांगला. घरी खायला वेळ नाही म्हणून मी तिला एक स्टीलचा डबा भरून द्यायला लागलो. “गाडीत बसलीस की खायचं,” मी सांगितलं. “सगळं संपवायचं.”

डबा रोज रिकामा येऊ लागला. तुम्हाला सांगतो, माझी कॉलर ताठ झाली. मी डबा घासताना गाणं गुणगुणायचो. कधी कधी डब्यात बोरं असायची, कधी ओला हरभरा, एकदा तर दोन गाभुळलेल्या चिंचा. मला वाटलं, गावातली पोरं बाईंना देत असतील. छान वाटलं. मी चिंचांची चटणी केली.

महिन्यानं रक्त तपासलं. सातचं सव्वासात झालं होतं.

“खाताय ना नीट?” डॉक्टरीण बाईंनी विचारलं.

“रोज!” मीच उत्तर दिलं. “डबा चाटूनपुसून रिकामा येतो.”

बायको भिंतीवरच्या बाळाच्या चित्राकडं बघत होती. मला तेव्हाच शंका यायला हवी होती, पण मी माझ्या ग्रॅनोल्यात लोह किती असेल ते डॉक्टरीण बाईंना समजावत होतो.

उलगडा झाला तो फोनमुळं. बायको आंघोळीला गेली होती, फोन वाजला, मी उचलला. पलीकडं गाडीतल्या एक मॅडम होत्या. या पडेगावहून यायच्या. म्हणजे पहाटे घर सोडून आधी रिक्षानं अख्खं शहर ओलांडायचं आणि मग आमच्या चौकात गाडी पकडायची. आवाज असा की फोन कानापासून वीतभर लांब धरावा.

“भाऊजी! अवो तुमच्याशीच बोलायचं होतं. तुमचं ते कुरकुरीत लई भारी असतंय बगा. आम्ही साती जणी डब्याची वाटच बघत असतो. मुकुंदवाडीला उघडला की चिकलठाण्याला साफ! उद्या जरा खोबरं टाका की त्यात.”

मी फोन ठेवला आणि बाथरूमच्या दारावर थाप मारली.

“तो डबा तुझ्यासाठी होता!”

आतून पाण्याचा आवाज थांबला. मग ती शांतपणे म्हणाली, “व्हय. मग?”

ओल्या केसांना टॉवेल गुंडाळून ती बाहेर आली आणि आमचं रीतसर भांडण झालं. मी म्हणालो, एवढा भट्टीवर उभा राहून घामाघूम होतो ते काय त्या टोळधाडीसाठी? ती म्हणाली, सहा जणी गुडघ्याला गुडघा लावून समोर बसलेल्या असताना मी डबा उघडून एकटी कशी खाऊ? मी म्हणालो, तोंड फिरवून खा. ती म्हणाली, असं कुठं असतंय व्हय? मी म्हणालो, तुझ्या वाट्याला किती येतो? ती म्हणाली, येतो की चमचाभर. मी म्हणालो, एक चमचा! ती म्हणाली, ओरडू नका, शेजारी ऐकतात.

तिचं खरं होतं, हेच मला जास्त झोंबत होतं. आपल्याकडं डबा उघडला की तो आधी शेजारच्यापुढं धरायचा, ही रीत आईच्या दुधाबरोबर येते. अनोळखी माणसाला सुद्धा ‘या, घ्या थोडं’ म्हटल्याशिवाय पहिला घास घशाखाली उतरत नाही. आणि त्या बायकाही रीतीच्या पक्क्या. रिकामा डबा घरी जाऊ द्यायचा नाही म्हणून कुणी बोरं टाकी, कुणी हरभरा. मी ज्या चिंचांची चटणी मिटक्या मारत खाल्ली होती, ती माझ्या बायकोच्या रक्ताच्या बदल्यात आली होती.

मी दोन उपाय केले. एक, छोटी पुडी बांधून पर्समध्ये ठेवून दिली, गुपचूप खा म्हणून. ती शाळेतल्या पोरांच्या पोटात गेली. दोन, घरातच बसवून खाऊ घालायचं ठरवलं. ती दोन घास घ्यायची तेवढ्यात चौकातून हॉर्न वाजायचा आणि ती चपला शोधत पळायची.

मग एका सकाळी माझा संयम संपला. मुळात तो फारसा नव्हताच. मी तिच्याबरोबर चौकात गेलो, गाडी आली, मी तिच्याआधी दार उघडलं आणि आत तोंड घालून सगळं बोलून टाकलं. गाठ, सात, सव्वासात, दहा झाल्याशिवाय ऑपरेशन नाही, आणि हा डबा हिचं औषध आहे, औषध! तुम्ही सगळ्या जणी हिचं औषध खाताय! ड्रायव्हर पोरगा स्टिअरिंगवर मान खाली घालून बसला होता. सहा बायका माझ्याकडं पाहत होत्या. पडेगावच्या मॅडमनी पदर तोंडावर घेतला.

बायको गाडीत बसली, माझ्या हातातला डबा घेतला नाही, आणि दार ओढून घेतलं. माझ्याशी ती तीन दिवस बोलली नाही. पोहे मात्र रोज होते, मीठ बरोबर, लिंबाची फोड बाजूला. अशा वेळी पोहे घशाखाली उतरत नाहीत, हे मी अनुभवानं सांगतो.

चौथ्या दिवशी संध्याकाळी ती आली आणि डबा ओट्यावर आपटून म्हणाली, “आता करा सात जणींचं.”

“काय?”

त्या दिवशी सकाळी ती डबा घेऊन गेली होती आणि गाडीत असं झालं होतं. तिनं डबा पुढं धरला तर एकीनंही हात लावला नाही. सगळ्या जणी म्हणाल्या, तुम्ही खा, आम्ही बघतो. सहा जणी बघत असताना तिला घास जाईना. तिनं डबा मिटून ठेवला तर पडेगावच्या मॅडमनी ड्रायव्हरला गाडी बाजूला घ्यायला लावली, ही खाईपर्यंत गाडी हलणार नाही म्हणून. जालना रोडवर, ट्रकांच्या धुळीत, गाडी उभी. माझी बायको डबा मांडीवर घेऊन बसलेली. शेवटी तीच म्हणाली, “तुम्ही खाल तर मी खाईन.” मग उशीर नको म्हणून एक एक चमचा प्रत्येकीनं घेतला, आणि उरलेलं हिनं खाल्लं. शाळेत परिपाठ संपत आला तेव्हा त्या पोचल्या.

“तर सात जणींचं करा,” बायको म्हणाली. “नाय तर माझं पण नको.”

मी केलं. काय करतो? मोठा डबा घेतला, जिन्नस चौपट आणले, पडेगावचा हुकूम म्हणून खोबऱ्याचे कापही टाकले. बेकरीतल्या चाचांनी आता दोन पत्रे माझ्यासाठी राखून ठेवायला सुरुवात केली होती. “साब, बायको का नाश्ता बढ गया?” ते विचारायचे. मी “हौ” म्हणायचो आणि मनातल्या मनात त्या सहा जणींना शिव्या घालायचो. शिव्या म्हणजे आपल्या साध्याच. पण चौपट घाम गाळताना माणूस काही ओव्या म्हणत नाही. सगळ्यात जास्त राग पडेगावचा. बायको सांगायची, त्या वाटीला बोट फिरवून खातात. मी म्हणायचो, खातील नाही तर काय, फुकटचं आहे.

पण गाडी सुरू झाली. रोज मुकुंदवाडीच्या पुढं सात वाट्या निघायच्या, कुणी घरून दूध आणायची, कुणी दही, आणि बोलत बोलत, हसत हसत माझी बायको आपला वाटा संपवायची. उपाशीपोटी त्रास देणारी गोळी आता पोटाला त्रास देईनाशी झाली. डॉक्टरीण बाईंनी शिरेतून लोहाचं इंजेक्शन दिलं. पुढच्या तपासणीला साडेआठ आलं, त्याच्या पुढच्याला साडेनऊ. मग एक दिवस कागदावर दहाच्या पुढं काही तरी छापून आलं. मी तो आकडा चष्मा पुसून पुन्हा वाचला. बायको रिक्षात बसल्यावर म्हणाली, “तुम्ही रडताय काय?” मी म्हणालो, “धूळ आहे.” ती म्हणाली, “बरं.”

ऑपरेशन नीट झालं, हे आत्ताच सांगून टाकतो. उगाच कुणाचा जीव टांगणीला नको. गाठ निघाली, साधीच निघाली, आणि आज ही बाई पुन्हा त्याच गाडीतून शाळेत जाते. मला सांगायचंय ते ऑपरेशनच्या आधीच्या रविवारचं.

डॉक्टरीण बाईंनी दोन बाटल्या रक्ताची सोय करून ठेवायला सांगितली होती. लागेलच असं नाही, पण हाताशी असावं. रक्तपेढीत बदली रक्तदाते न्यायचे होते. एक मी होतोच. दुसरा कोण, याचा विचार करत रविवारी सकाळी मी रक्तपेढीच्या पायऱ्या चढत होतो, तर मागून हॉर्न वाजला. तीच गाडी. रविवारची. आतून सहाही जणी उतरल्या. ठेवणीतल्या साड्या नेसून, केसांना गजरे. लग्नाला आल्यासारख्या.

“आम्ही देणार रक्त,” पडेगावच्या मॅडम म्हणाल्या. “सगळ्या जणी. मॅडमला दोन काय, सहा बाटल्या घ्या.”

मी ‘या’ एवढंच म्हणालो.

आत एक मुलगी पांढरा कोट घालून बसली होती. रक्त घेण्याआधी ती बोटाला टोचून थेंब तपासायची. मी पास झालो. ड्रायव्हर पोरगा, जो नुसता गाडी घेऊन आला होता, तोही बाही वर करून पुढं झाला आणि पास झाला. मग एकेक करून या सहा जणी आत गेल्या आणि एकेक करून बाहेर आल्या. पहिली आली, बोटाला कापूस धरून. “माझं नाय घेतलं. कमी हाय म्हणे.” दुसरी आली. तिचंही कमी. तिसरीचंही. चौथीचं तेवढं घेतलं. पाचवी बाहेर आली ती नकारार्थी मान हलवतच.

शेवटी पडेगावच्या मॅडम गेल्या. दार उघडंच होतं, त्यामुळं आतलं ऐकू आलं.

“काकू, तुमचं आठ आहे. तुमचं कसं घेऊ? तुम्हालाच एक बाटली लावायची वेळ आलीय.”

“असं कसं? मी धडधाकट हाय की. एवढी कामं करते.”

“चक्कर येते का?”

“ती कुणाला येत नाय?” त्या म्हणाल्या आणि हसल्या.

रक्त दिलं की तिथं बिस्किटाचा पुडा आणि कॉफी देतात. मी आणि ड्रायव्हर पुडा हातात धरून बसलो होतो, ती चौथी मॅडम आत पडून होती. समोरच्या बाकावर या पाच जणी ओळीनं बसल्या होत्या, गजरे माळलेल्या, बोटाला कापूस लावलेल्या. रक्त दिलं नाही म्हणून त्यांना कुणी काही दिलं नव्हतं. आपण कामाचे ठरलो नाही याचीच त्यांना लाज वाटत होती. एक जण मला म्हणाली, “भाऊजी, माफ करा, आम्ही उगंच आलो.”

मी त्यांच्याकडं बघत बसलो. इतके महिने मी यांना टोळधाड म्हणत होतो. यांतली प्रत्येक जण पाचला उठत असणार, कुणाच्या पोळ्या, कुणाच्या भाकरी, कुणाचे पोहे करून, उभ्यानं अर्धा कप चहा पिऊन घर सोडत असणार. यांच्या घरीही कुणीतरी पोह्यांवरून मान वर करून ‘काही खाऊन जा की’ म्हणत असेल. मला लाज वाटली. हातातला पुडा जड वाटायला लागला. मी उठलो, तो फोडला आणि त्यांच्यापुढं धरला.

“घ्या,” मी म्हणालो. “सकाळी काही खाल्लंय का कुणी?”

त्यांनी एकमेकींकडं पाहिलं. मग पडेगावच्या मॅडमनी एक बिस्किट उचललं, आणि मला इतकंही कसं कळत नाही अशा नजरेनं माझ्याकडं बघून त्या म्हणाल्या,

“अवो भाऊजी, आज रविवार नाय का? आज तुमचा डबा कुठं असतोय?”